जिन्यावरचं बेबी गेट: आधी भिंत बघा, मग गेट निवडा

"ताई, गेट मागवलंय. तुम्ही फक्त येऊन लावून द्या." मी इंटिरिअरची कामं करते. ऐरोली-कोपरखैरण्याच्या रो-हाउसमधून नाहीतर घोडबंदर रोडच्या ड्युप्लेक्समधून असा फोन आला की तिथे काय बघायला मिळणार याचा अंदाज येतो. खोकं उघडलेलं, गेट 75 सेंटिमीटरपासून पुढच्या रुंदीचं आणि जिना 71 चा. किंवा माप बरोबर, पण एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचा गोल पाइप, त्यावर गेटची रबरी चकती टेकतच नाही. त्याहून वाईट म्हणजे माप जमलंय, गेट घट्टही वाटतंय, पण ते जिन्याच्या वरच्या टोकाला चालणारं नाहीच.

तिन्ही घरांत गेट आधी घेतलं आणि जिना नंतर बघितला. खालच्या क्रमाने गेलात तर खरेदी पाचव्या टप्प्यावर येते. तोवर मोबाइलवर गेट शोधूसुद्धा नका, कारण फोटो आवडला की माप वाकवण्याचा मोह होतो.

सुरुवात बाळ सहा महिन्यांचं होत असताना करा. बरीच बाळं सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान रांगायला लागतात. माप, कारागीर मिळणं, सोसायटीची ड्रिलची वेळ, चुकीचं गेट परत पाठवणं यात तीन आठवडे सहज जातात.

## 1. किती गेटं लागतील ते ठरवा

जिना एकदा वरून खाली चाला, मग हॉलमध्ये जमिनीवर बसून बाळाच्या उंचीवरून बघा. साधारणपणे दोन गेटं लागतात: एक वर, एक खाली. पैसे वाचवायला एकच घ्यायचं असेल तर ते वरचं. मात्र खालचं टोक उघडं राहिलं तर बाळ सात-आठ पायऱ्या चढून जातं आणि त्याला उतरता येत नाही, हे लक्षात ठेवा.

वरचं गेट वरच्या मजल्याच्या फरशीच्या पातळीवरच हवं, एक पायरी खाली नाही. खालचं गेट सगळ्यात खालच्या पायरीच्या पुढे. मधल्या एखाद्या पायरीवर गेट लावायचं नाही. तिथे ते उघडताना मोठ्या माणसाचाच तोल जातो.

आपल्याकडच्या रो-हाउसमध्ये जिना बऱ्याचदा थेट हॉलमधून निघतो आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्यांची एक बाजू उघडी असते. अशा ठिकाणी सरळ एक गेट लावून उपयोग नाही, बाळ बाजूने चढतं. तिथे कोनात वळवता येणारं, दोन-तीन फळ्यांचं, भिंतीला स्क्रूने धरलेलं गेट लागतं. हे आधी कळलं नाही तर एक गेट फुकट जातं.

कधीकधी जिन्यावर गेट लावायला चांगली जागाच नसते: दोन्हीकडे काचेची रेलिंग, किंवा वळणाच्या त्रिकोणी पायऱ्या अगदी लँडिंगपर्यंत आलेल्या. मग जिना सोडा आणि त्याकडे जाणारा पॅसेज किंवा बेडरूमचं दार बंद करा. दोन पक्क्या भिंतींमध्ये बसलेलं गेट केव्हाही चांगलं.

तपासा: गेटची जागा ठरल्यावर रेलिंगही बघा. दोन सळ्यांमधलं अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल किंवा सळ्या आडव्या असतील, तर नुसत्या गेटने काम होणार नाही. आडव्या सळ्या म्हणजे बाळासाठी शिडीच. आतल्या बाजूने पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट क्लॅम्पने बसवून घ्या. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती जाळी इथे वापरू नका. ती पक्षी अडवायला असते, पडणारं मूल धरायला नाही.

## 2. माप घ्या, सेंटिमीटरमध्ये

"अडीच फूट आहे जिना," असं सांगून गेट मागवू नका. बहुतेक गेटांच्या खोक्यावर माप सेंटिमीटरमध्ये असतं आणि दोन सेंटिमीटरनेही फरक पडतो.

रुंदी तीन ठिकाणी मोजा: फरशीजवळ स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या टाइलच्या पट्टीच्या) पातळीवर, स्कर्टिंगच्या लगेच वर आणि साधारण 70 सेंटिमीटर उंचीवर. तिन्ही आकडे वेगळे आले तर घाबरू नका. आपल्या भिंती ओळंब्यात असतातच असं नाही आणि स्कर्टिंग एक-दीड सेंटिमीटर पुढे आलेली असते. तीन आकड्यांपैकी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा, दोन्ही गेटच्या मर्यादेत बसायला हवेत.

याशिवाय चार गोष्टी लिहून घ्या:

- स्कर्टिंगची उंची. गेटचा खालचा ब्रॅकेट नेमका तिच्या कडेवर येतो, अर्धा टाइलवर आणि अर्धा हवेत.
- रेलिंगच्या खांबाचा आकार आणि जाडी. गोल की चौकोनी, लाकूड, लोखंड की स्टील.
- वरच्या लँडिंगची लांबी. गेट लँडिंगच्या बाजूला उघडायचं आहे, त्यामुळे तिथे ते फिरायला जागा हवी.
- जवळचा स्विचबोर्ड. जिन्याच्या दिव्याला टू-वे स्विच असतात, एक वर आणि एक खाली, म्हणजे नेमके गेट लावायच्या जागी.

अरुंद जिन्याबद्दल वेगळं सांगायला हवं. सिडकोच्या लहान रो-हाउसवर नंतर चढवलेल्या मजल्यांचे जिने कधीकधी 70 सेंटिमीटरच्या आसपास भरतात. तिथे तयार गेट मिळालं तरी चौकट धरून आतली वाट 40-45 सेंटिमीटरच उरते. कडेवर बाळ आणि हातात कपड्यांची बादली घेऊन आडवं होऊन जावं लागतं, आणि मग चार दिवसांत घरचे गेट उघडंच ठेवायला लागतात. अशा जिन्याला चौकट नसलेलं, एका बाजूला बिजागरीवर फिरणारं स्क्रूचं गेट घ्या, किंवा फॅब्रिकेटरकडून (लोखंडी ग्रिल-गेटचं काम करणाऱ्याकडून) बनवून घ्या.

## 3. भिंत ओळखा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणारी बरीच कामं इथूनच येतात.

आधी बोटाच्या पेराने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर जिप्समचं पार्टिशन असू शकतं. तिथे आतला सांगाडा शोधल्याशिवाय काही लावायचं नाही. भरीव आवाज आला तर ब्रॅकेटखाली झाकलं जाईल अशा जागी 6 मिमीच्या बिटने एक चाचणीचं भोक पाडा आणि पडणारी पूड बघा.

सुरुवातीचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर प्लास्टर असतं, त्याची पूड सगळीकडे सारखीच दिसते. पुढे लाल पूड आली तर विटेची भिंत. करडी पूड, बिट पुढे सरकत नाही आणि हात थरथरतो, तर काँक्रीटचा कॉलम. पांढरट, पिठासारखी पूड आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत, तर सिपोरेक्स, म्हणजे हलके एएसी ब्लॉक. नव्या टॉवरमध्ये बहुतेक हेच असतात.

काँक्रीट आणि वीट यांत चिंता नाही; नेहमीची प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती, वॉल प्लग) आणि स्क्रू धरतात. फक्त खोक्यातले स्क्रू बघा. बऱ्याचदा ते जेमतेम इंचभर असतात. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग प्लास्टरमध्येच राहतो आणि प्लास्टर काही धरत नाही. किमान 50 मिमीचा स्क्रू आणि त्याला साजेशी 8 मिमीची गिट्टी घ्या.

सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी आज घट्ट बसते आणि महिन्याभरात फिरायला लागते, कारण ब्लॉक आतून भुगा होत जातो. एएसी ब्लॉकसाठीच्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात, त्याच वापरा. आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा.

मला स्वतःला आवडणारा उपाय म्हणजे पट्टी. साधारण चार इंच रुंद, पाऊण इंच जाड मरीन प्लायची उभी पट्टी भिंतीला चार-पाच स्क्रूंनी लावायची आणि गेट त्या पट्टीवर बसवायचं. ओढ चार-पाच जागी वाटली जाते. पट्टी स्कर्टिंगच्या वरून सुरू करून मागे पातळ तुकडा दिला तर स्कर्टिंगचा प्रश्नही सुटतो. गेटचा ब्रॅकेट बदलला तरी भिंतीला नवी भोकं पडत नाहीत. प्लायवर आयएस 710 असा शिक्का बघून घ्या आणि कापलेल्या कडांना रंग किंवा सीलर लावा. खाडीजवळच्या दमट हवेत उघडी कड फुगते.

स्टीलच्या गोल पाइपला सरळ गेट टेकवायचं नाही. गेटच्या कंपनीचा गोल खांबाचा क्लॅम्प मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर आत्ता सांगितलेली प्लायची पट्टीच पाइपला यू-क्लॅम्पने तीन जागी धरा. नुसत्या केबल टायवर ती ठेवू नका. काचेच्या रेलिंगला काहीही दाबून लावायचं नाही. तिथे गेटची जागाच बदला.

थांबा: स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच जाते. ड्रिल करताना त्या भागाची एमसीबी बंद ठेवा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या सर्किटवरून घ्या. भिंतीपलीकडे बाथरूम असेल तर पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते आधी विचारा.

भाड्याच्या घरात असाल तर ड्रिल करायच्या आधी घरमालकांची व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी परवानगी घ्या. "भोकं नकोत म्हणून दाबाचं, म्हणजे दोन भिंतींमध्ये ताणून बसणारं गेट लावू," हा विचार खालच्या टोकाला चालेल. वरच्या टोकाला नाही. का, ते पुढे.

## 4. प्रकार ठरवा

मुख्य प्रकार दोन. दाबाचं गेट दोन भिंतींमध्ये स्क्रूसारखे बोल्ट फिरवून ताणून बसवतात, त्याला भोकं लागत नाहीत. स्क्रूचं गेट भिंतीला कायमचं धरलेलं असतं.

वरच्या टोकाला फक्त स्क्रूचं गेट. याला अपवाद नाही.

त्याची दोन कारणं. दाबाचं गेट घर्षणावर उभं असतं. रोजच्या उघड-झापीने बोल्ट सैल होतात, आणि बाळ गेटला धरून उभं राहून हलवतं ते वेगळंच. दुसरं, दाबाच्या गेटला खाली आडवी पट्टी असते, उंबरठ्यासारखी. जिना उतरायच्या क्षणी तिला पाय अडकला तर मोठा माणूस बाळासकट खाली जातो. घरात गुडघ्यांचा त्रास असलेले आजी-आजोबा असतील तर मी खालच्या टोकालाही ही पट्टी नको म्हणते.

माझ्याच घरात हे झालंय, आणि मी या कामातली. लेक दहा महिन्यांची होती. दाबाचं गेट वरच्या टोकाला "तात्पुरतं" म्हणून लावलं होतं. पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि रंगाचा पापुद्रा रबरी चकतीसकट सुटला. सासूबाईंनी धुण्याची बादली गेटला टेकवली मात्र, गेट आणि बादली दोन्ही खालच्या वळणापर्यंत गेली. लेक तेव्हा खाली पाळण्यात होती.

तिसरा प्रकार म्हणजे गुंडाळणारी जाळी, पडद्यासारखी बाजूला जाणारी. वेड्यावाकड्या रुंदीला ती बरी पडते आणि खाली पट्टीही नसते. पण ती स्क्रूवरच बसवायची, आणि बंद करायला बऱ्याचदा दोन्ही हात लागतात. ज्या घरात बाळ सतत कडेवर असतं तिथे हे जमत नाही.

फॅब्रिकेटरकडून, म्हणजे तुर्भे किंवा वागळे इस्टेट भागात, करून घेणार असाल तर रेखाचित्र कागदावर द्या. सळ्या उभ्याच, त्यांच्यातलं अंतर 6 सेंटिमीटरपेक्षा कमी, मध्ये आडवी सळी नाही, वर भाल्याची टोकं किंवा नक्षी नाही, वेल्डिंग घासून गुळगुळीत. फॅब्रिकेटर सवयीने साधी सरकती कडी लावतात. दीड वर्षाचं मूल ती बघून-बघून शिकतं. उचलून सरकवावी लागेल अशी, जिन्याच्या बाजूने बसणारी कडी मागा. आणि गेट लँडिंगकडेच उघडेल, जिन्याकडे जाणारच नाही, असा स्टॉपर वेल्ड करून घ्या.

## 5. आता खरेदी

आता मोबाइल उघडा. हातात तीन मापं आणि भिंतीचा प्रकार आहे, त्यामुळे निम्मी गेटं आपोआप बाद होतील.

उंची किती हवी? बाळाच्या उंचीच्या किमान तीन चतुर्थांश. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलाची मधली उंची सुमारे 87 सेंटिमीटर आहे, म्हणजे गेट निदान 65 तरी हवं. बाजारात मिळणारी बरीच गेटं 75 सेंटिमीटरच्या आसपास असतात, ती चालतात. गेटखालची फट 5 सेंटिमीटरपेक्षा कमी हवी.

वर्णनात युरोपचं ईएन 1930 किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ1004 हे मानक लिहिलंय का ते बघा. नुसतं "हाय क्वालिटी, इम्पोर्टेड" लिहिलं असेल तर पुढे जा. जुन्या पद्धतीचं, लाकडी पट्ट्यांचं, पेटीच्या भात्यासारखं मिटणारं-उघडणारं आणि वर व्हीसारख्या मोठ्या फटी असलेलं गेट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. त्या फटीत मान अडकते.

रुंदी वाढवायचे जोडतुकडे त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे घ्या, आणि जास्तीत जास्त किती जोडता येतात ते वाचा. दुसऱ्या कंपनीचा तुकडा "बसतो" म्हणून लावू नका.

तपासा: दुकानात एका हातात पाच लिटरचा तेलाचा डबा धरा आणि दुसऱ्या हाताने गेट उघडून बंद करा. ही परीक्षा घरात रोज गेट वापरणाऱ्या प्रत्येकाने द्यायची: आजी, कामाच्या मावशी, सगळ्यांनी. आजींच्या अंगठ्यात कडी दाबायचा जोर नसेल तर ते गेट कितीही चांगलं असलं तरी तुमच्या घरासाठी नाही.

## 6. बसवणं

सोसायटीत दुपारी ड्रिल बंद असतं, त्यामुळे सकाळची वेळ घ्या. बाळाला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी ठेवा.

स्क्रूच्या गेटचा क्रम असा:

1. गेट जागेवर धरून बिजागरीची बाजू ठरवा. बिजागरी पक्क्या भिंतीवर, कडी रेलिंगच्या बाजूला.
2. गेट लँडिंगकडे उघडतंय ना ते आत्ताच बघा. भोकं पडल्यावर हे सुचून उपयोग नाही.
3. खुणा पेन्सिलने करा, लेव्हलने सरळ आहेत का बघा. भिंतीच्या किंवा कॉलमच्या कोपऱ्यापासून 5 सेंटिमीटर तरी आत राहा, नाहीतर कोपरा उडतो.
4. टाइलवर भोक असेल तर मास्किंग टेप लावा आणि टाइलच्या बिटने, हॅमर बंद ठेवून सुरुवात करा. टाइल पार झाली की मग बिट बदला.
5. भोक गिट्टीच्या लांबीपेक्षा सेंटिमीटरभर खोल. पूड फुंकून किंवा ब्रशने बाहेर काढा. पूड राहिली तर गिट्टी पूर्ण आत जात नाही, हातोड्याने ठोकली की वाकते.
6. आधी बिजागरीची बाजू बसवा, गेट टांगा, मग कडीच्या बाजूच्या खुणा पुन्हा तपासा. कागदी टेम्प्लेटवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, भिंत तिरकी असते.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा. साध्या लोखंडी स्क्रूचा गंज एका पावसाळ्यात भिंतीवर ओघळतो.

खालच्या टोकाला दाबाचं गेट लावत असाल तर दोन गोष्टी. खोक्यातून काढल्यावर कडी आणि चौकट यांच्यात मोठी फट दिसते. "गेट वाकडं आलं," म्हणून लोक ते परत पाठवतात. ते वाकडं नसतं. बोल्ट आवळले की चौकट दाबली जाते आणि फट भरते. दुसरं म्हणजे वाटीसारखे चार वॉल कप. छोट्या पिशवीत असतात आणि बऱ्याच घरांत खोक्याबरोबर कचऱ्यात जातात. गेट भिंतीवरून सरकू नये म्हणून ते असतात, चारही लावायचेच, आणि शक्य असेल तर चिकटपट्टीऐवजी स्क्रूने.

## 7. बाळाला सोडण्याआधी

गुडघ्यावर बसा. गेटच्या वरच्या मध्यावर, मग खालच्या कोपऱ्यांवर दोन्ही हातांनी जोरात ढकला आणि ओढा. ब्रॅकेट भिंतीपासून केसभरही हलला तर काम पुन्हा करायचं, उद्यावर टाकायचं नाही. मग गेट वेगवेगळ्या कोनांतून सोडून बघा. आपोआप बंद होणारी बरीच गेटं पूर्ण उघडली की तशीच अडकून राहतात, आणि थोडीच उघडली तर कडी लागण्याइतका वेग येत नाही. गेट बंद दिसतं, पण लागलेलं नसतं. कडीचा "टक" आवाज ऐकायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, नंतर महिन्याला स्क्रू आवळा. दाबाच्या गेटचे बोल्ट मात्र कायम दर आठवड्याला, आणि जून ते सप्टेंबर भिंतीची ओल बघत राहा.

घरात गणपती असतील तर त्या दिवसांसाठी वेगळी व्यवस्था करा. तीस माणसं वर-खाली करणार, प्रत्येकाला कडी समजावणं शक्य नाही आणि कुणीतरी गेट उघडं ठेवणारच. तेवढे दिवस बाळ कोणाकडे आहे ते तासातासाला नावानिशी ठरवा.

मोठ्यांनी गेटवरून टांग टाकून जायचं नाही. घाई असली तरी नाही. मूल ते बघतं, आणि तुमचा तोल गेला तर तुम्हीही पडता.

## 8. कधी काढायचं

मूल गेटवर पाय ठेवून चढायला लागलं, किंवा कडी उघडायला शिकलं, त्याच दिवशी. वय काहीही असो. नाहीतर साधारण दोन वर्षांपर्यंत. ईएन 1930 मानकातही 24 महिन्यांपर्यंतचंच मूल गृहीत धरलंय. त्यानंतर गेट राहिलं तर मूल त्याच्या वरून पडतं, म्हणजे जिन्याच्या उंचीत गेटच्या उंचीची भर. काढायच्या आधीचे काही आठवडे मुलाला हात धरून, पाठमोरं आणि बसत-बसत उतरायला शिकवा.

भोकांत वॉल पुट्टी भरा, वाळल्यावर घासा आणि रंगाचा हात द्या. स्क्रू, वॉल कप आणि माहितीपत्रक एका पिशवीत घालून ती गेटलाच टेपने चिकटवा आणि माळ्यावर टाका. वर्षा-दोन वर्षांत भाची-पुतण्यासाठी ते मागायला कुणीतरी येतंच. पिशवी हरवलेली असेल तर गेट देऊ नका.